जुन्या यंत्राचा वैद्य



नवें यंत्र कोणतें घ्यावें याविषयीं आपल्या घरांत जेवढी चर्चा होते, तिच्या एक दशांश चर्चाही जुनें यंत्र कोणाच्या हातीं द्यावें याविषयीं होत नाहीं. पंधरा-वीस वर्षांपूर्वीं भली मोठी रक्कम मोजून घेतलेला, ओट्याखालीं हौसेनें बसवून घेतलेला परदेशी ओव्हन एके दिवशीं थंड पडतो. कंपनीकडे विचारावें तर ‘या नमुन्याचे सुटे भाग आतां येत नाहींत’ असें अत्यंत सौजन्यपूर्ण उत्तर मिळतें. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला दाखवावें तर तो दुरूनच हात जोडतो. यंत्राचें शरीर धडधाकट, परंतु त्याची नाडी पाहणारा वैद्य गांवांत नाहीं, अशी ही स्थिति होते. हा वैद्य कोठें आणि कसा शोधावा, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

अडचण जुनीच आहे. सुमारें साठ वर्षांपूर्वीं, मुंबईंत सीमेन्स कंपनींत काम करणारे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरीं ब्राउन या जर्मन कंपनीचा मिक्सर होता. आपल्या डाळ-तांदुळाच्या वाटणापुढें त्याची मोटर टिकली नाहीं, आणि ती दुरुस्त होण्याची सोय या देशांत नव्हती. तेव्हां येथील वाटणाला पुरून उरेल असें यंत्र करण्याचें आव्हान पत्नीनें त्यांच्यापुढें टाकलें, आणि त्यांतूनच १९६३ च्या सुमारास सुरू झालेल्या उद्योगांतून पुढें ‘सुमीत’ मिक्सर घरोघर पोंचला. म्हणजे एका प्रसिद्ध भारतीय यंत्राच्या जन्माचें निमित्त दुरुस्तीचा अभाव हेंच होतें! त्या मिक्सरचे कार्बन ब्रश, कपलर, भांड्याखालचें बुश हे भाग पुढें लहानसहान गांवच्या दुकानांतही मिळूं लागले. कित्येक घरांत तो सासूकडून सुनेकडे आला, याचें अर्धें श्रेय त्या दुकानांना दिलें पाहिजे.

आतां शोधाची पहिली पायरी. ती घराबाहेर नसून घरांतच आहे. प्रत्येक यंत्रावर एक लहानशी पट्टी चिकटविलेली असते. ओव्हनची व डिशवॉशरची ती दाराच्या कडेला सांपडते, फ्रीजची आंतल्या बाजूस भाजीच्या खणाजवळ किंवा पाठीमागें, मिक्सरची तळाशीं. तिच्यावर नमुन्याचा क्रमांक, विजेचा दाब व शक्ति हीं छापलेलीं असतात. बॉश व सीमेन्सच्या यंत्रांवर ‘ई-नंबर’ म्हणून जो क्रमांक असतो, त्यावरून नेमका सुटा भाग ठरतो. या पट्टीचें छायाचित्र आजच काढून ठेवावें. वाफेनें व तेलकट हातांनीं अक्षरें पुसलीं गेलीं, कीं पुढचा सारा शोध अंधारांत चालतो.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आपण शोधतों ‘अमुक कंपनीचा माणूस’. परंतु यंत्र म्हणजे कांहीं एकसंध चमत्कार नव्हे. मोटर, तापणारी कांब, पंप, तापमान राखणारा थर्मोस्टॅट, रबरी पट्ट्या आणि या सर्वांना हुकूम देणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, अशा अवयवांचा तो संसार आहे. आणि यांतील प्रत्येक अवयवाचा कारागीर आपल्या शहरांत निराळा बसलेला आहे. कंपनीचें नांव त्याला ठाऊक नसेल, अवयव मात्र तो जन्मभर हाताळीत आलेला असतो. मोटर जळली असेल तर पाण्याचे पंप गुंडाळून देणारा वायंडिंगवाला पाहावा. मोटर कोणत्या देशांतून आली याच्याशीं त्याला कर्तव्य नसतें, तो तारेची जाडी मोजतो आणि वेढे मोजतो. ओव्हनची कांब गेली असेल तर ती नमुन्याबरहुकूम वांकवून देणारे हीटरचे कारखानदार मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आहेत. जुनी कांब, तिचे वॉट आणि व्होल्ट, एवढें त्यांना पुरतें. फ्रीजच्या दाराची चुंबकी गॅस्केट मापानें कापून व सांधून देणारेही आहेत. बोर्ड बिघडला तर कंपनी सबंध बोर्ड बदलावयास सांगते. परंतु पुष्कळदां त्यांतील एखादा फुगलेला कपॅसिटर, जळका रिले किंवा सुटलेला टांका एवढाच दोष असतो, आणि टेलिव्हिजन दुरुस्त करण्यांत ज्याची हयात गेली असा मनुष्य तो काढूं शकतो. मुंबईंत लॅमिंग्टन रोड व लोहार चाळ, पुण्यांत बुधवार पेठेंतील तपकीर गल्ली, या ठिकाणीं एक फेरी मारली तर माझ्या म्हणण्याची साक्ष पटेल. याखेरीज आणखी एक वर्ग आपल्या ध्यानांत येत नाहीं, तो म्हणजे हॉटेलांच्या भटारखान्यांतील ओव्हन, मिक्सर व भांडीं धुण्याचीं यंत्रें सांभाळणारे मेकॅनिक. घरगुती उंची यंत्राची बांधणी पाहून ते बिचकत नाहींत. ओळखीच्या हॉटेलमालकाला विचारावें; त्याचें यंत्र बंद पडलें तर त्याचा धंदा बंद पडतो, म्हणून चांगला माणूस त्याला ठाऊक असतोच.

अमेरिकेहून मुलानें किंवा मुलीनें आणलेल्या यंत्रांची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथील वीज १२० व्होल्टची व ६० आवर्तनांची, आपली २३० व्होल्टची व ५० आवर्तनांची. किचनएडचा कणीक मळणारा, केकचें मिश्रण फेंटणारा मिक्सर योग्य शक्तीच्या ट्रान्सफॉर्मरवर येथें चालतो, कारण त्याच्या ब्रशवाल्या मोटरला आवर्तनांचें फारसें सोयरसुतक नसतें. मायक्रोवेव्ह मात्र तसा चालविणें बरें नव्हे. या किचनएडमध्यें एक मौजेची योजना आहे. घट्ट कणकेचा भार फार झाला, तर मोटर जळण्याआधीं आंतील एक विशिष्ट दांतेचक्र झिजून तुटावें, अशी ती बांधणी आहे. घरांतील माणसांना वाटतें कीं यंत्र मेलें. वास्तविक त्यानें आपलें बोट देऊन प्राण वांचविलेला असतो. तें चक्र स्वतंत्र विकत मिळतें, आणि तें बसवितांना जुनें घट्ट झालेलें ग्रीस काढून नवें भरावें लागतें. हें काम कोणत्याही जाणत्या फिटरच्या आवांक्यांतील आहे.

दोन ठिकाणीं मात्र काटकसर करूं नये. मायक्रोवेव्हच्या आंतील कपॅसिटरमध्यें, पिन काढल्यावरही, प्राणघातक दाबाची वीज सांठून राहूं शकते. तो घरच्या हौशी मंडळींनीं उघडूं नये. (आंत ठिणग्या दिसत असतील तर बहुधा बाजूचा अभ्रकाचा तुकडा जळालेला असतो. तो स्वस्त असतो, तेवढ्यावरून यंत्र टाकूं नये.) दुसरें ठिकाण फ्रीजचें. फार जुन्या फ्रीजमध्यें आर-१२ हा वायु असे. ओझोनच्या थराला घातक म्हणून २०१० पर्यंत आपल्या देशांत त्याचें उत्पादन थांबलें. पुढें आर-१३४ए आला, आणि आतांच्या अनेक फ्रीजमध्यें आर-६०० ए, म्हणजे आयसोब्यूटेन असतो. तो ज्वालाग्राही आहे. पट्टीवर कोणता वायु लिहिला आहे हें न पाहतां जो सिलिंडर उचलतो, त्याला नम्रपणें दार दाखवावें. शेगडीबाबतही थोडेंसें असेंच. नळाचा गॅस आल्यावर सिलिंडरसाठीं असलेले जेट बदलावेच लागतात, आणि तें काम गॅस कंपनीच्या माणसानेंच करावें.

माणसाची परीक्षा कशी करावी? माझी कसोटी साधी आहे. यंत्र उघडण्यापूर्वीं ‘बोर्ड गेला’ असें जो सांगतो, त्याच्यावर माझा विश्वास बसत नाहीं. जो आधीं भिंतींतील वीज मीटरनें तपासतो आणि आपल्यालाच दोन प्रश्न विचारतो, तो कामाचा. भेटीचा आकार व कामाची मजुरी आधीं ठरवावी, काढलेला जुना भाग परत मागावा, आणि बसविलेल्या भागाचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. त्याच्या कष्टाचे पैसे मात्र घासाघीस न करतां द्यावे. हजारों रुपयांचें यंत्र वांचविणाऱ्याशीं शंभर रुपयांसाठीं हुज्जत घालणारीं घरें मीं पाहिलीं आहेत, आणि तीं दुसऱ्यांदां बोलावतात तेव्हां तो माणूस ‘वेळ नाहीं’ म्हणतो. त्याचें काय चुकलें?

एक सावधगिरीची सूचना येथेंच देतों. इंटरनेटवर शोधतांना कंपनीच्या नांवानें जे सेवा-क्रमांक पुढें येतात, त्यांत लबाडांनीं पेरलेले पुष्कळ असतात. क्रमांक घ्यावा तो यंत्रावरून, पावतीवरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. आणि कोणीं मोबाइलवर आलेला गुप्त अंक मागितला, तर फोन खालीं ठेवावा.

कायद्याचा आधार अजून कोंवळा आहे, पण आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागानें डिसेंबर २०२२ मध्यें ‘राइट टु रिपेअर’ नांवाचें संकेतस्थळ उघडलें. त्यावर कंपन्यांनीं दिलेली दुरुस्तीची व सुट्या भागांची माहिती मिळते. तक्रारीसाठीं राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे. युरोपांत २०२१ पासून फ्रीज, डिशवॉशर इत्यादींचे ठराविक सुटे भाग, त्या नमुन्याचा शेवटचा नग बाजारांत आल्यानंतर सात ते दहा वर्षें उपलब्ध ठेवण्याचें बंधन कारखानदारांवर आहे. हा कायदा आपल्याला लागू नाहीं. परंतु त्यामुळें आपल्या युरोपीय यंत्राचा एखादा भाग तिकडील कोठारांत असण्याची शक्यता वाढते, आणि पट्टीवरचा क्रमांक दिल्यास तो मागवितां येतो.

इतकेंही करून कांहीं यंत्रें वांचत नाहींत. फ्रीजच्या भिंतींतील फोमच्या आंत नळी गळूं लागली, किंवा मायक्रोवेव्हचा आंतला पत्रा गंजून छिद्र पडलें, तर हट्ट सोडावा. तथापि तें भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढविण्यापूर्वीं आपल्या मेकॅनिकला एक निरोप पाठवावा. दाराची कांच, बिजागऱ्या, बटणें, चालू पंप हे भाग त्याच नमुन्याचें यंत्र असलेल्या दुसऱ्या एखाद्या घराला हवे असतात, आणि त्याच्या वहींत अशा घरांचीं नांवें बहुधा लिहिलेलीं असतात. उरलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा. २०२२ च्या नियमांत फ्रीज व मायक्रोवेव्ह या दोहोंचा समावेश आहे.