डॉक्टर व्हायचंय? आधी रांगेत उभे राहा
लेखमाला : वैद्यकीयची वाट – भाग ६

मागच्या भागात नीटच्या गुणांचा हिशेब मांडला होता. १८० प्रश्न, ७२० गुण, त्यातले निम्मे जीवशास्त्राचे. आजारी माणसाजवळ आपल्याला बसवतं का, या प्रश्नाला त्या हिशेबात जागा नाही. ब्रिटनमध्ये आहे. तिथे वैद्यकीयच्या मुलाखतीत विचारतात, की रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात तुम्ही काय पाहिलंत, त्यातून काय शिकलात. अमेरिकेतल्या अर्जातही अशा कामाची नोंद करायची असते. तिकडच्या मराठी घरांतली पोरं सुटीत रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून जातात ती याचसाठी.

आपल्याकडे अशी अट नाही, म्हणून कोणी जात नाही. खरं तर गरज आपल्याला जास्त आहे. अमेरिकेत वैद्यकीयच्या आधी साधारण चार वर्षांची पदवी असते, मन बदलायला तेवढी सवड मिळते. आपल्या मुलाचा निर्णय अकरावीचे विषय घेतानाच झालेला असतो, आणि सतरा पूर्ण झाली की ते एमबीबीएसला बसू शकतं. आजारपण त्याने पाहिलेलं असतं ते बहुधा आपल्याच घरातलं.

लोहगडवाडीतली एखादी मुलगी नीट देणार आहे असं धरू. लोहगड चढायला रविवारी पुण्या-मुंबईहून माणसं येतात, पण तिला दवाखान्यासाठी उलट खाली उतरावं लागतं. भाजे, मळवली, आणि हमरस्त्यापलीकडे कार्ल्याचं प्राथमिक आरोग्य केंद्र. पेशंटला तिथवर आणायला किती खटपट पडते हे तिला कुणी शिकवायला नको. शहरातल्या क्लासमधल्या मुलाला ते ठाऊक नसतं.

तिने सुरुवात आशाताईंपासून करावी. ग्रामीण भागात साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते. दवाखान्यात बाळंतपण झालं, की पुढच्या बेचाळीस दिवसांत त्या घरी सहा वेळा जातात : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. हात धुवायचे, बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, ते नीट दूध ओढतं का ते बघायचं. या कामाची मुळं गडचिरोलीत आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, तिथले बालमृत्यू घटले, आणि त्याचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. देशभरातल्या आशांच्या गृहभेटी त्याच वाटेने आल्या.

अशा भेटीला आशाताईंची आणि त्या घराची परवानगी घेऊन सोबत जावं, आणि कान उघडे ठेवावेत. सासू म्हणते, बाळाला मध चाटवलाय. तेव्हा आशाताई काय बोलतात? त्या रागावत नाहीत. आधी बाळ कुणावर गेलंय ते बोलतात, मग सासूलाच जवळ बसवून सांगतात की सहा महिने फक्त आईचं दूध. हे बोलणं कुठल्याही नोट्समध्ये सापडायचं नाही, आणि पुढे डॉक्टर झाल्यावर रोज तेच लागतं.

दुसरी जागा ओपीडीची. वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा, वय अठराच्या आत असेल तर पालकांची सही घ्यावी. होकार मिळाला तर केसपेपरच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना मदत करायची, औषध कधी घ्यायचं ते फार्मासिस्टनी सांगितल्यावर त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घ्यायचं. वॉर्डातल्या मावशी आणि सिस्टर कशा वागतात ते बघायचं, कारण पेशंट खरं दुखणं पुष्कळदा आधी त्यांनाच सांगतो. भाताच्या लावणीच्या दिवसांत गेलात तर ताप आणि सर्पदंशही दिसेल. कुणी मांत्रिकाकडे वेळ घालवून आलं, की पहिला तास म्हणजे काय ते डोळ्यांदेखत कळतं.

काही गोष्टी मात्र करायच्याच नाहीत. इंजेक्शन नाही, ड्रेसिंग नाही, सलाईनला हात नाही, कुणी हौसेने ‘कर गं तू’ म्हटलं तरी नाही. सुई टोचली तर कावीळ-ब किंवा एचआयव्हीचा धोका तुम्हाला, आणि चूक झाली तर भोग पेशंटला. फोटो काढायचा नाही. कुणाला काय झालंय ते गावात, घरीसुद्धा बोलायचं नाही. छोट्या वाडीत नाव न घेताही माणूस ओळखू येतो, म्हणून वहीत लिहितानाही जपावं.

लोहगडवाडीला आणखी एक शाळा आहे, ती गडावरची. पावसाळ्यात पर्यटक घसरतात. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ची मंडळी अशा वेळी धावून जातात, पण आधी पोचतो तो गावकरीच. मणक्याला मार असेल तर जखमीला ओढत उठवू नये, १०८ ला नेमकी जागा कशी सांगावी, हे प्रथमोपचाराच्या रीतसर वर्गात शिकून घ्यावं.

कॉलेजं आजारी माणसाजवळ बसायला शिकवत नाहीत असं नाही. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नय्यर यांनी सुरू केलेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात नवे विद्यार्थी आधी गांधीजींच्या आश्रमात राहतात, पुढे गावात मुक्काम करून कुटुंबांची जबाबदारी घेतात. आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमाने सगळ्याच एमबीबीएसच्या मुलांना पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबं दत्तक घ्यावी लागतात. पण हे सगळं प्रवेशानंतरचं. तोवर फी भरलेली असते, गावात पेढे वाटून झालेले असतात, आणि ‘मला हे जमणार नाही’ हे वाक्य घशातच अडकतं.

तेच वाक्य बारावीच्या सुटीत सुचलं तर काही बिघडत नाही. नर्सिंग आहे, फिजिओथेरपी आहे, लॅब आहे, औषधनिर्माण आहे. कुणाला पेशंटपेक्षा सूक्ष्मदर्शकाजवळ करमतं, तो काही दोष नव्हे. आणि जिला आशाताईंबरोबर फिरून आल्यावर दुसऱ्या दिवशीही जावंसं वाटलं, तिने नीट पुन्हा द्यावी लागली तरी द्यावी. आईवडिलांनी तेव्हा तिच्या मागे उभं राहावं.

यासाठी उत्तम काळ नीटनंतरचा, मेपासून प्रवेशफेऱ्या सुरू होईपर्यंतचा. बहुतेक घरांत हे दिवस कट-ऑफच्या चर्चेत जातात. त्यातले आठवड्याचे दोन दिवस आरोग्य केंद्राला द्या.

पुढच्या भागात : सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर द्यायच्या एका वर्षाच्या सेवेचं बंधपत्र.