पाच देश, अकरा दिवस: आग्नेय आशियाच्या सहलीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘थायलंड-कंबोडिया-व्हिएतनाम-मलेशिया-सिंगापूर, १० रात्री ११ दिवस’ अशा जाहिराती सुट्ट्यांच्या तोंडावर पेपरात हमखास दिसतात. त्यात हे पाच देश दादर, माटुंगा, शीव असे ओळीने येतात. वाचणाऱ्याला वाटतं, एकदा मुंबई सोडली की पुढचं सगळं सोपं. प्रत्यक्षात यातल्या प्रत्येक देशाचा व्हिसा निराळा, चलन निराळं आणि पावसाळाही निराळा. सहल फसते ती बहुधा तिथे गेल्यावर नव्हे, तर घरी बसून बेत आखतानाच, आणि त्यामागे काही ठरावीक समजुती असतात.

गैरसमज १: युरोपसारखा इथेही एकच व्हिसा सगळीकडे चालतो.

वस्तुस्थिती: चालत नाही. आसियान ही आता ११ देशांची संघटना आहे (पूर्व तिमोर २०२५ मध्ये अकरावा सदस्य झाला), पण परदेशी पर्यटकांसाठी तिचा सामायिक व्हिसा नाही. मलेशियाने २०२३ च्या डिसेंबरपासून आणि थायलंडने २०२४ च्या जुलैपासून भारतीयांना व्हिसामुक्त प्रवेशाची जी सवलत दिली ती त्या त्या सरकारने स्वतंत्रपणे दिली. तिची मुदत आणि अटी बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी सरकारी वेबसाइट बघावीच. सिंगापूरला मात्र आधीच व्हिसा काढावा लागतो. इंडोनेशियात विमानतळावर पाच लाख रुपिया भरून व्हिसा मिळतो. बालीला जाणाऱ्यांसाठी २०२४ च्या फेब्रुवारीपासून दीड लाख रुपियांचा पर्यटन कर वेगळा आहे.

‘व्हिसा लागत नाही’ याचा अर्थ ‘काहीच लागत नाही’ असा नव्हे. थायलंड, मलेशिया आणि सिंगापूर या तिन्ही देशांत पोचण्याआधी ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं. थायलंडने ते १ मे २०२५ पासून सुरू केलं. तिन्ही कार्डं फुकट आहेत. एखादी वेबसाइट त्यासाठी पैसे मागत असेल, तर ती सरकारी नाही असं खुशाल समजावं. पासपोर्टची मुदतही किमान सहा महिने शिल्लक हवी.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते व्हिएतनामच्या ई-व्हिसात. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा २५ डॉलरला आणि अनेकदा प्रवेश देणारा ५० डॉलरला मिळतो. हनोईला उतरायचं, मधे कंबोडिया करायचं आणि परतीचं विमान पुन्हा व्हिएतनाममधून घ्यायचं, असा बेत असेल तर २५ डॉलरचा व्हिसा कंबोडियात पाऊल टाकताच संपतो. परतताना विमान कंपनी चेक-इनलाच अडवते.

मराठी प्रवाशांनी नावाकडेही लक्ष द्यावं. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि आडनाव वेगळ्या रकान्यात असतं. तिकिटावर मधलं नाव गाळलं आणि ई-व्हिसात लिहिलं, किंवा उलट केलं, की काउंटरवर वाद सुरू. पासपोर्टवर अक्षर न् अक्षर जसं आहे तसंच सगळीकडे भरावं.

गैरसमज २: विमानच तर बदलायचं आहे, तिथे व्हिसा कशाला?

वस्तुस्थिती: तिकीट एकच असेल आणि सामान शेवटच्या मुक्कामापर्यंत परस्पर जाणार असेल, तर बहुतेक वेळा हे खरं असतं. पण स्वस्तात पडावं म्हणून दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं काढली, की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही तिथूनच प्रवास सुरू करणारे प्रवासी असता. बॅग पट्ट्यावर येते, ती घ्यायला इमिग्रेशन ओलांडावं लागतं आणि इमिग्रेशन ओलांडणं म्हणजे त्या देशात प्रवेश करणं. सिंगापूरमध्ये हे व्हिसाशिवाय जमत नाही. अमेरिका, ब्रिटन अशा काही देशांचा वैध व्हिसा असणाऱ्या भारतीयांना तिथे ९६ तासांची सवलत आहे, पण ती अटी बघून मिळते.

बँकॉकची अडचण वेगळी. या शहराला दोन विमानतळ आहेत. मुंबईची बरीच विमानं सुवर्णभूमीला उतरतात, तर पुढची अनेक स्वस्त उड्डाणं डॉन मुआंगहून सुटतात. दोन्हींमध्ये शहराला वळसा घालून जाणारं चाळीसेक किलोमीटरचं अंतर आहे. इमिग्रेशनची रांग, बॅगेची वाट, रस्त्यावरचा ट्रॅफिक आणि नवं चेक-इन एवढं सगळं दोन तासांत होत नाही, पाच-सहा तास हाताशी ठेवावेत. शिवाय स्वस्त तिकिटात बहुधा सात किलोंची हातातली बॅगच धरलेली असते. फराळाच्या डब्यांसह गेटवर वजन भरलं, की तिकिटात वाचवलेले पैसे तिथेच परत जातात.

गैरसमज ३: तिकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी सीझन असतो, बाकी वेळी पाऊस.

वस्तुस्थिती: एवढ्या मोठ्या प्रदेशाला एकच सीझन असणं शक्य नाही. थायलंडमध्येच बघा. फुकेत आणि क्राबी पश्चिमेला, अंदमान समुद्रावर. त्यांना नैर्ऋत्य मोसमी पाऊस झोडपतो, तोच जो कोकणात येतो. तिकडे तो मे महिन्यातच सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत राहतो. त्याच देशातलं को सामुई बेट पूर्वेच्या आखातात आहे. तिथे सर्वाधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो.

आपल्याला सुट्ट्या शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे मिळतात, म्हणून हिशेब त्यानुसारच मांडू.

दिवाळीची सुट्टी: व्हिएतनामच्या मध्यभागातली होई आन आणि ह्युए ही गावं या दिवसांत टाळावीत. तिथला पावसाळा सप्टेंबर ते डिसेंबर असतो आणि पुराचा जोर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. २०२५ च्या दिवाळीपाठोपाठ, ऑक्टोबरअखेरीस, या दोन्ही गावांच्या रस्त्यांवर बोटी फिरत होत्या. त्याच वेळी कंबोडिया आणि दक्षिण व्हिएतनाममधला पाऊस सरत आलेला असतो.

नाताळची सुट्टी: फुकेत, क्राबी, मलेशियातलं लंकावी आणि कंबोडियातलं अंगकोर यांच्यासाठी उत्तम. हनोईत मात्र स्वेटर लागतो. तिथे थंडीत पारा १५ अंशांच्याही खाली जातो, हे हाफ पँट घेऊन पोचलेल्यांना उतरल्यावर कळतं. बालीत तेव्हा पावसाळा असतो. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पेरहेन्शियन बेटांवर खवळलेल्या समुद्रामुळे बहुतेक रिसॉर्ट बंद असतात.

मे महिना: चित्र उलटं होतं. बालीत कोरडा ऋतू सुरू झालेला असतो, पेरहेन्शियन खुलं असतं आणि फुकेतचा समुद्र उसळू लागतो.

पावसाशिवाय सणही बघावेत. चांद्र नववर्षाच्या तेत सणाला व्हिएतनाममधली दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या असतात. बालीत मार्चच्या आसपास न्येपीला विमानतळासह सगळं बेट २४ तास बंद असतं आणि पर्यटकांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही.

गैरसमज ४: नकाशावर सगळे देश चिकटलेले आहेत, तासाभरात एकातून दुसऱ्यात जाता येतं.

वस्तुस्थिती: हवेत तासच लागतो, पण त्या तासाच्या मागेपुढे दिवस जातो. हॉटेल सोडणं, दोन-तीन तास आधी विमानतळ गाठणं, उतरल्यावर पुन्हा इमिग्रेशन, नवं सिम, नवं चलन, नवं हॉटेल. पाच देश म्हणजे मधल्या चार उड्या. अकरा दिवसांतले चार त्यांत गेले, पहिला आणि शेवटचा मुंबईच्या विमानात. पाच देशांसाठी उरले पाच दिवस.

जमिनीवरचा प्रवासही गृहीत धरू नये. बँकॉकहून पोईपेत सीमेमार्गे बसने सिएम रीपला जाणं वर्षानुवर्षं चालत आलं होतं. २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडियात वाद पेटला, सीमाचौक्या बंद झाल्या आणि जुलैत लढाई झाली. जुने ब्लॉग आणि व्हिडिओ आजही तोच मार्ग सुचवतात. निघण्याआधी ताजी स्थिती तपासलीच पाहिजे.

एकाच देशातली अंतरंही फसवी असतात. हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा लोहमार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे आणि गाडीला तीस तासांहून अधिक वेळ लागतो. उलट लाओसमध्ये २०२१ च्या डिसेंबरात नवी रेल्वे सुरू झाली आणि व्हिएन्तियान ते लुआंग प्रबांग हा डोंगरातला दिवसभराचा बसप्रवास दोन तासांवर आला.

गैरसमज ५: अंगकोर वाट सकाळी बघायचं आणि दुपारच्या विमानाने पुढे निघायचं.

वस्तुस्थिती: अंगकोर वाट हे त्या परिसरातलं एक मंदिर. सगळा पुरातत्त्वीय परिसर सुमारे ४०० चौरस किलोमीटरचा आहे. १९९२ मध्ये तो जागतिक वारसा यादीत गेला. बायोनचे दगडी चेहरे, झाडांच्या मुळांनी कवटाळलेलं ता प्रोह्म, लालसर दगडातलं नाजूक बांतेय स्राय, ही सगळी त्यातच येतात. तिकीट एका दिवसाचं ३७ डॉलर आणि तीन दिवसांचं ६२ डॉलर. तीन दिवस सलग असण्याची सक्ती नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील, तर वरच्या गाभाऱ्याकडे सोडत नाहीत.

मराठी माणसाला इथे थांबण्याचं आणखी एक कारण आहे. बाराव्या शतकात राजा सूर्यवर्मन दुसरा याने हे विष्णुमंदिर बांधलं. त्याच्या पश्चिमेच्या ओवरीत कुरुक्षेत्राची लढाई कोरलेली आहे. दोन्ही बाजूंची सैन्यं मधोमध भिडतात आणि शरपंजरी पडलेले भीष्म गाइडने न दाखवताही ओळखू येतात. पूर्वेच्या ओवरीत सुमारे ४९ मीटर लांबीचं समुद्रमंथन आहे. एका बाजूला वासुकी ओढणारे असुर, दुसऱ्या बाजूला देव, मधे विष्णू. ही ओवरी चालत नीट बघायलाच अर्धा तास लागतो. शिवाय २०२३ च्या ऑक्टोबरपासून सिएम रीपचा विमानतळ गावापासून चाळीसेक किलोमीटर लांब गेला आहे, त्यामुळे दुपारचं विमान गाठायचं तर निम्मी सकाळ रस्त्यावरच जाते.

गैरसमज ६: शाकाहारी माणसाची तिकडे उपासमार होते.

वस्तुस्थिती: उपासमार होत नाही, फसगत होते. भाजीच्या प्लेटमध्ये मांसाचा तुकडा नसतो, पण चवीला फिश सॉस किंवा सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट असते. आपण जसं फोडणीला हिंग घालतो तितक्या सहज ती पडते आणि ‘मांस नाही ना?’ या प्रश्नाला वाढणारा प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. म्हणून विचारायचं ते सॉसबद्दल.

यावर तिथल्याच लोकांनी उपाय करून ठेवला आहे. थायलंडमध्ये पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेल्या खानावळी असतात. तिथे मांस, मासे, अंडी, दूध काहीच नसतं आणि कांदा-लसूणही नसतो. व्हिएतनाममध्ये ‘चाय’ लिहिलेली बौद्ध शाकाहारी खानावळ विचारावी. तिथे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक शाकाहार पाळतात. मलेशिया-सिंगापूरमध्ये तर तामिळ वस्त्यांमुळे इडली-डोसा सहज मिळतो.

गैरसमज ७: डॉलर घेतले, यूपीआय आहे, म्हणजे झालं.

वस्तुस्थिती: डॉलर रोजच्या व्यवहारात चालतात ते मुख्यतः कंबोडियात, आणि तिथेही फाटकी किंवा शाई लागलेली नोट परत करतात. इतरत्र स्थानिक चलनच लागतं. सिंगापूरमध्ये काही दुकानांत यूपीआय चालतं, पण पाचही देशांतल्या गाड्यांवर दिसणारा क्यूआर आपल्या अ‍ॅपने स्कॅन होईल, या भरवशावर निघू नये.

व्हिएतनाममध्ये सावध राहावं लागतं ते शून्यांमुळे. २०,००० आणि ५,००,००० डाँग या दोन्ही नोटा निळ्या आहेत, आणि संध्याकाळी टॅक्सीतल्या दिव्यात सारख्याच दिसतात. फरक पंचवीस पटींचा. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवलेल्या बऱ्या. कार्ड वापरताना मशीनने ‘रुपयांत की स्थानिक चलनात?’ असं विचारलं, तर स्थानिक चलन निवडावं. रुपयांचा दर जवळजवळ नेहमीच महाग पडतो.

टूर कंपनी पॅकेजवर टीसीएस नावाचा जो कर घेते तो बुडीत खर्च नव्हे. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. पावती जपून ठेवावी.

गैरसमज ८: सिंगापूर तेवढं कडक, बाकी ठिकाणी सगळं चालतं.

वस्तुस्थिती: व्हेप थायलंडमध्येही बेकायदा आहे. अमली पदार्थांना एकाहून अधिक देशांत मृत्युदंड आहे. सिंगापूरमध्ये चघळायच्या तंबाखूवर बंदी आहे, त्यामुळे गुटखा आणि खैनीची पुडी खिशात राहिली तरी दंड होऊ शकतो.

मग बेत कसा आखावा? आधी सुट्टीचा महिना बघावा, त्या महिन्यात आभाळ मोकळं असणारे शेजारचे दोन देश निवडावेत, आणि एका टोकाला उतरून दुसऱ्या टोकाहून परतावं. उदाहरणार्थ, दिवाळीनंतर हो ची मिन्ह सिटीला उतरायचं, मेकाँगचा त्रिभुज प्रदेश बघायचा, मोक बाई सीमेवरून बसने नॉम पेन्हला जायचं आणि सिएम रीपहून परतायचं. यात व्हिएतनामचा २५ डॉलरचा व्हिसा पुरतो आणि अंगकोरला तीन दिवस मिळतात. मे महिन्यात सिंगापूर आणि बाली ही जोडी तशीच जमते. राहिलेले देश पुढच्या सुट्टीला ठेवावेत, आणि तेव्हाही आधी तिथला पाऊस बघावा, मग तिकिटाचा दर.