मोठं झाड काढायचंय? क्रेन बोलावण्याआधी हे वाचा



९ एप्रिल २०२३ ची रविवारची रात्र आठवा. अकोला जिल्ह्यातल्या पारस गावात देवळाच्या आवारात माणसं जमली होती. वादळी पाऊस सुरू झाला म्हणून सगळी पत्र्याच्या शेडखाली गेली. शेजारचं जुनं कडुनिंबाचं झाड त्याच शेडवर कोसळलं. ७ माणसं दगावली, कितीतरी जखमी झाली. ते झाड आणि पत्रे बाजूला करायला भर पावसात यंत्रं आणावी लागली.

ही बातमी आपण सगळ्यांनी ऐकली, हळहळलो आणि कामाला लागलो. पण जरा आपल्या गावाकडे बघा. अंगणवाडीवर वाकलेलं झाड आहे. गटाच्या पापड-शेवयांच्या शेडवर एक वाळकी फांदी लोंबतेय. हातपंपाशेजारी पोखरलेला गुलमोहर आहे. आपण त्याखालीच बसतो, लेकरंही तिथंच खेळतात. "एवढी वर्षं उभं आहे, आता काय होतंय," असं म्हणतो आणि वळवाचा पाऊस आला की जीव मुठीत धरतो.

असं झाड काढायची वेळ आली की घरातली पुरुषमंडळी ठरवतात, क्रेनवाल्याला फोन करतात. आणि काम चालू असतं तेव्हा घरी कोण असतं? आपण. लेकरांना आवरायचं, चहापाणी करायचं, "ताई, जरा सरका" ऐकायचं, हे सगळं आपल्याच वाट्याला. म्हणून या कामात काय बरोबर आणि काय धोक्याचं, हे आपल्याला कळलं पाहिजे.

आधी विचारा: झाड काढायलाच हवं का?

प्रत्येक वाकडं झाड पडत नाही. लहानपणापासून तिरकं वाढलेलं झाड मुळांनी स्वतःला सावरून धरतं. काळजी करायची ती या खुणांची:

• सरळ झाड अलीकडेच कलायला लागलं आहे आणि कललेल्या बाजूच्या उलट, बुडाशी माती फुगली किंवा तिला चिरा पडल्या आहेत.
• बुंध्याला किंवा मुळांपाशी अळंब्या उगवल्या आहेत. आतलं लाकूड कुजत असल्याची ती खूण असते.
• बुंध्यावर लाकडाने ठोकलं तर पोकळ आवाज येतो.
• शेंडा वाळलाय, मोठ्या फांद्या पालवत नाहीत.
• गटार, पाइपलाइन किंवा रस्त्यासाठी खोदताना एका बाजूची मुळं तुटली आहेत.
• बुंध्याला चिकटून सिमेंटचा पार किंवा काँक्रीट घातलं आहे.

यातली एक-दोन लक्षणं दिसली तर जाणकाराला दाखवा. पुष्कळदा वाळक्या आणि जड फांद्या उतरवल्या की भागतं. सावली राहते, खर्च वाचतो. चिंच, आंबा, वड यांना वाढायला पिढ्या जातात, ते एका दुपारी घाईने पाडू नयेत.

मग परवानगी

"माझ्या अंगणातलं झाड, मला कोण विचारणार?" असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. आपल्या राज्यात वृक्षतोडीचं नियमन करणारा १९६४ चा कायदा आहे. त्याच्या यादीत आंबा, चिंच, फणस, जांभूळ, मोह, साग, खैर, चंदन, हिरडा अशी आपल्या ओळखीची झाडं आहेत. ती स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगी लागते. नगरपालिका हद्दीत राहणाऱ्या बहिणींसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. तिथे अर्ज नगरपालिकेकडे द्यायचा.

अर्ज कुणाकडे द्यायचा हे झाड कुठे उभं आहे त्यावर ठरतं. आपल्या मालकीच्या जमिनीत असेल तर तलाठ्यांकडून सातबारा घ्या आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा. गावठाणात, शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या आवारात असेल तर ग्रामपंचायतीकडे अर्ज द्या. रस्त्याकडेला असेल तर तो रस्ता जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा, ते आधी बघा. लाकूड गाडीत भरून न्यायचं असेल तर वाहतूक पास लागतो का, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

ग्रामसभेआधी महिला सभा होते. तिथे हा विषय मांडा, ठरावात लिहून घ्या. अर्जासोबत झाडाचे फोटो जोडा आणि पोच घ्यायला विसरू नका. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. पोच असलेला कागद मात्र कुणाला नाकारता येत नाही.

क्रेन कशासाठी?

मोकळ्या रानातलं झाड बुंध्याशी कापून एका बाजूला पाडता येतं. पण घर, विहीर, वीजतारा, जनावरांचा गोठा जवळ असेल तर पाडायला जागाच नसते. मग झाड वरून खाली, तुकड्या-तुकड्याने उतरवावं लागतं. क्रेन तो तुकडा धरते, कापणारा कापतो आणि क्रेन तो अलगद खाली ठेवते.

दोर बांधून ट्रॅक्टरने ओढायचा प्रकार गावोगाव चालतो. तो टाळा. दोर तुटला तर चाबकासारखा मागे येतो आणि झाड भलतीकडेच वळतं.

लाकूड किती जड असतं?

इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. ओल्या लाकडाचा एक घनफूट साधारण २५ ते ३० किलो भरतो. आता दोन फूट जाडीचा, दहा फूट लांबीचा ओंडका धरा. तो साधारण ३१ घनफूट होतो. म्हणजे वजन झालं पाऊण टन ते जवळजवळ एक टन. सिमेंटच्या १६ ते १९ गोण्या एकदम!

तोच ओंडका तीन फूट जाडीचा असेल तर? जाडी दीडपट झाली, पण वजन सव्वादोनपट होतं. तो दोन टनांच्या आसपास जातो. म्हणून "एवढासाच तर तुकडा आहे" असं म्हणून चालत नाही.

दुसरी गोष्ट क्रेनच्या ताकदीची. आपल्याकडे पिवळी हायड्रा क्रेन येते. तिच्यावर १२ टन किंवा १४ टन असं लिहिलेलं असतं. पण तेवढं वजन ती अगदी जवळून उचलते तेव्हाच. पाण्याने भरलेली कळशी कमरेवर घेतली तर आपण मैलभर चालतो. तीच हात लांब करून धरली तर? दहा पावलांत खांदा भरून येतो. क्रेनचंही तसंच आहे. तिचा बूम, म्हणजे लांब हात, जितका पुढे जाईल तितकं ती कमी वजन पेलते. जास्त झालं तर ती पुढच्या बाजूला उलटते.

किती अंतरावर किती वजन, याचा तक्ता क्रेनसोबत असतो. त्याला लोड चार्ट म्हणतात. "भाऊ, चार्ट दाखवा. झाडापर्यंत अंतर किती आणि तिथे किती टन चालतं?" एवढं विचारायला कसलीच लाज नाही. चांगला चालक आनंदाने सांगतो. चिडला, टाळाटाळ केली, तर दुसरी क्रेन बघा.

क्रेन उभी कुठे राहणार?

क्रेन जमिनीवर उभी असते, म्हणून जमीन आधी तपासा. काळी माती ओली असेल तर चाक रुतून यंत्र कलतं. शोषखड्डा, शौचालयाची टाकी, जुनं पेव, बुजवलेली विहीर, जमिनीखालची पाइपलाइन कुठे आहे, हे बाहेरून आलेल्या चालकाला माहीत नसतं. आपल्याला माहीत असतं. चुना किंवा फक्कीने तिथे खूण करून ठेवा. विहिरीच्या काठापासून यंत्र लांबच ठेवा.

हायड्राला सहसा बाजूला टेकवायचे पाय नसतात, म्हणून तिला सपाट आणि टणक जागाच हवी. ट्रकवरच्या मोठ्या क्रेनला पाय असतात. ते पूर्ण बाहेर काढून, खाली जाड फळ्या ठेवूनच टेकवायचे.

वीजतारा

झाडाजवळून तार जात असेल तर वीज बंद केल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. महावितरणच्या कार्यालयात आधी अर्ज द्या आणि त्यांच्या माणसाने येऊन लाइन बंद केल्यावरच सुरुवात करा. घरातलं मेन स्विच बंद केल्याने खांबावरची तार बंद होत नाही. बूमचा तारेला स्पर्श झाला तर चालकासकट क्रेनजवळ उभं असलेल्या माणसालाही धक्का बसतो. तुटलेली तार दिसली तर लांब थांबा, कुणाला जवळ जाऊ देऊ नका आणि १९१२ वर फोन करा.

काम कसं व्हायला हवं

१. आदल्या दिवशी झाडावर आग्यामोहोळ आहे का, पक्ष्यांची पिल्लं आहेत का, ते बघा. मोहोळ असेल तर आधी मध काढणाऱ्या जाणकाराला बोलवा. करवतीच्या आवाजाने माशा उठल्या तर वर चढलेल्या माणसाला पळायलाही जागा नसते.

२. झाडाच्या उंचीच्या किमान दीडपट अंतरावर दोरी बांधा. त्याच्या आत फक्त काम करणारी माणसं. लेकरं, जनावरं आणि व्हिडिओ काढणारे सगळे बाहेर.

३. खुणा करणारा माणूस एकच असावा. चारजण चार बाजूंनी ओरडले तर चालक कुणाचं ऐकणार? मात्र "थांबा" ही हाक कुणीही दिली तरी थांबायचं.

४. तुकडा पट्ट्याने बांधायचा, जुनाट दोराने नाही. चांगल्या पट्ट्यावर त्याची क्षमता लिहिलेली असते आणि रंगही ठरलेला असतो. जांभळा एक टनाचा, हिरवा दोन टनांचा, पिवळा तीन टनांचा. फाटलेला, गाठ मारलेला पट्टा वापरू देऊ नका.

५. क्रेनने पट्टा ताणून धरायचा, पण ओढायचं नाही. मग कापायचं. कापणारा बाजूला झाला की मगच उचलायचं. लोंबत्या ओंडक्याखाली कुणीही जायचं नाही.

६. आधी बाजूच्या फांद्या, मग शेंडा, मग बुंधा वरून खाली.

७. मुळासकट झाड क्रेनने उपटायचं नाही. मुळांनी जमीन किती धरली आहे याचा अंदाज कुणालाच नसतो आणि अशा ओढण्यातच क्रेन उलटते. बुंध्याचं खोड नंतर जेसीबीने खोदून काढता येतं.

८. वर चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा, डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना चष्मा आणि पायात बूट हवेतच. हुकाला लटकून कुणी वर जायचं नाही.

वारा सुटला, पाऊस आला की काम बंद. क्रेनचं भाडं वाया गेलं तरी चालेल.

वादळात झाड आधीच पडलं असेल तर

घाईने कोयता घेऊन फांद्या तोडायला जाऊ नका. पडलेल्या झाडाखाली वाकलेल्या फांद्या ताणलेल्या धनुष्यासारख्या असतात. चुकीच्या जागी घाव बसला की उसळून अंगावर येतात. खाली कुणी अडकलं असेल तर ११२ आणि १०८ ला लगेच कळवा.

पैशांचं आणि लाकडाचं

कागदावर लिहून घ्या, सही घ्या. भाडं तासावर की पूर्ण कामावर? येण्याजाण्याचा वेळ त्यात धरला आहे का? कापणारे मजूर कोण आणणार? भिंत, पत्रा, नळ फुटला तर कोण भरून देणार? क्रेनचा विमा आणि चालकाचा परवाना यांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन ठेवा.

आणि लाकूड कुणाचं? "लाकूड आम्ही नेतो, भाड्यात सूट देतो," असं सांगून सागाचे किंवा आंब्याचे ओंडके स्वस्तात नेले जातात. आधी दोन ठिकाणी भाव काढा. लाकूड ग्रामपंचायतीच्या झाडाचं असेल तर त्याचे पैसेही ग्रामपंचायतीचेच. डहाळ्या-सरपणाचं काय करायचं, ते ठरावातच लिहून घ्या, म्हणजे नंतर भांडण नको.

पुढच्या बैठकीत एवढं करा

हप्ते जमा झाले, वही लिहून झाली की सगळ्याजणी मिळून गावातून एक फेरी मारा. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाणवठा, एसटीचा थांबा, बाजाराची जागा, गटाची शेड. वर दिलेल्या खुणा शोधा, फोटो काढा, यादी करा. ही फेरी माघ-फाल्गुनात झाली तर उत्तम. म्हणजे वळवाच्या आधी परवानगीही हातात येते आणि जमीनही कोरडी असते.

जे झाड काढावंच लागेल, त्याच्या बदल्यात दोन रोपं लावा. पण या वेळी जागा नीट निवडा. भिंतीपासून लांब, तारेखाली नको, आणि बुंध्याभोवती माती मोकळी राहील अशी. आज लावलेल्या रोपाखाली आपल्या नाती खेळणार आहेत. त्यांच्यावर क्रेन बोलवायची वेळ येऊ नये.