कालापत्ती : एक शब्द आणि डेकचे सांधे

यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशात हिंदी-बंगालीतील ‘कालापत्ती’ हा खलाशांचा शब्द नोंदलेला असून त्याचे मूळ पोर्तुगीज ‘कालाफाते’ या शब्दात दाखविले आहे. जहाजाच्या फळ्यांमधील सांधे बुजविणे, व ते बुजविणारा कारागीर, हे त्याचे अर्थ होत. ‘फ’चा ‘प’ झाला हे समजण्यासारखे आहे. परंतु ‘त’चे द्वित्त व पहिल्या स्वराचे दीर्घत्व यांचा उलगडा केवळ ध्वनिनियमांनी होत नाही. त्यासाठी डेकवरची ती क्रियाच पाहावी लागते.

लाकूड ओलाव्याने फुगते व वाळले की आकसते. लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत मात्र निश्चित. सागाचे ओले लाकूड पूर्ण वाळल्यास वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे ६ टक्के, तर गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्केच आकसते. म्हणून डेकची फळी वलये उभी राहतील अशी चिरतात. तरीही प्रत्येक सांधा ऋतुमानाप्रमाणे उघडतो व मिटतो. त्यात खिडकीच्या काचेला लावतात तशी कठीण लांबी भरली तर ती तडकणारच. जुने कारागीर दोर उकलून डांबरात माखलेले तंतू, किंवा कापसाचा पीळ, बोथट छिन्नीने व मोगरीने सांध्यात ठासून भरीत आणि वर कढत डांबर ओतीत. फळी भिजून फुगली की तंतू दाबले जात व सांधा अधिकच घट्ट होई. इंग्रजी ‘कॉक’ हे क्रियापद लॅटिन ‘काल्कारे’, म्हणजे पायाने तुडविणे, यापासून आले आहे. क्रियेचे मर्म तेथे नावातच राहिले आहे.

डेकचा खरा शत्रू समुद्र नव्हे, पाऊस होय. लाकूड कुजविणारी बुरशी सुमारे २० टक्क्यांहून कमी ओलाव्यात वाढत नाही, आणि मीठ तिला मानवत नाही. समुद्राच्या पाण्याने डेक धुण्याच्या खलाशांच्या रिवाजाने फळ्या फुगलेल्या राहत व त्यांत मीठही मुरे. उलट पावसाचे पाणी सांध्यातून उतरून फळी व तुळई यांच्यामध्ये साचले, तर कूज आतूनच पसरते. वरून काही दिसत नाही. यावर जाड व्हार्निशचा उपाय अनेकांना सुचतो. मला तो घातक वाटतो : थराला एक तडा जाताच पाणी आत शिरते, पण वाळून बाहेर पडत नाही. सागात स्वतःचे तेल असते. मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागाने बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे अद्याप तरंगत आहे.

अलीकडे डांबराऐवजी रबरासारखे ताणणारे पॉलिसल्फाइड वापरतात. ते दोन्ही कडांना चिकटावे, तळाला चिकटू नये, म्हणून तळाशी आधी एक फीत घालतात. तिन्ही बाजूंनी जखडले तर ते फाटते.

आता शब्दाकडे वळू. सांधे भरलेला डेक वरून पाहिला, तर फिकट फळ्यांमधून डांबराच्या काळ्या, चिंचोळ्या रेघा गेलेल्या दिसतात. ‘पत्ती’ म्हणजे पानच नव्हे, चपटी चिंचोळी पट्टीही. लोखंडाची पत्ती आपण म्हणतोच. परका ‘कालाफाते’ कानी पडताच खलाशांना समोरची काळी पत्ती आठवली असावी आणि ‘त’चे द्वित्त तेथून आले असावे. हे माझे अनुमान आहे; लोकव्युत्पत्तीला लेखी पुरावा क्वचितच मिळतो. पॉलिसल्फाइडही, रंगाची निवड असूनही, बहुधा काळेच भरतात.