चेकचे नऊ आकडे आणि डिपेंडन्सी इंजेक्शन

घरून आलेला चेक भरताना त्याच्या तळाची पांढरी पट्टी कधी नीट पाहिलीय? त्या चमत्कारिक वळणाच्या आकड्यांच्या टाइपाला ई-१३बी म्हणतात आणि त्या ओळीला एमआयसीआर. आपल्याकडे त्यात आधी ६ आकडी चेक नंबर, मग ९ आकडी कोड, मग ६ आकडे बँकेच्या वापराचे, शेवटी व्यवहाराचा प्रकार सांगणारे २. नवातले पहिले तीन आकडे शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. म्हणजे ४११००२००२ मध्ये ४११ पुणे, ००२ स्टेट बँक.

आता गंमत बघा. अमेरिकन चेकवरही याच टाइपात ९ आकडी कोड असतो, पण त्याचा नियम निराळा. आकड्यांना क्रमाने ३, ७, १, ३, ७, १... असं गुणायचं, बेरजेला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. ०२१००००२१ ची बेरीज ३०, म्हणजे पास! आपल्या पुण्याच्या कोडची येते २४, म्हणजे नापास. चेक खरा, शाखा खरी, तरी प्रोग्राम म्हणणार "कोड चुकीचा". खातेदाराचे पैसे अडकले ते अडकलेच.

मग चेक वाचणारी लायब्ररी लिहिताना नियम कुठे ठेवायचा? माझं मत स्पष्ट आहे : पार्सरच्या पोटात नको. पार्सरने स्वतः 'न्यू' करून नियम बनवला की तो त्या देशाला कायमचा बांधला गेला. त्यापेक्षा 'नियम' नावाचा इंटरफेस करा आणि पार्सरच्या कन्स्ट्रक्टरमधून नियम बाहेरून द्या. आपल्या मेसचा आचारी भाजी आणायला मंडईत जातो का? आणून दिलेली शिजवतो. यालाच म्हणायचं डिपेंडन्सी इंजेक्शन. हे नाव रूढ झालं ते मार्टिन फाउलर यांच्या २००४ च्या लेखामुळे.

कोणता नियम द्यायचा, हे प्रोग्राम सुरू होताना एकाच ठिकाणी ठरवायचं. जावात स्प्रिंगचा कंटेनर ही जोडणी करून देतो. नियमाचं ऑब्जेक्ट स्वतःजवळ काही साठवत नाही, म्हणून सगळ्यांना मिळून एकच पुरतं. दोन्ही देशांचे चेक येत असतील, तर दोन नियम, दोन पार्सर. पार्सरच्या कोडला हात लावायचा नाही. टेस्टिंगलाही सोपं : खोटा नियम द्या आणि पार्सर एकटा तपासा.

तेव्हा प्रोजेक्टमध्ये पुढचं 'न्यू' टाइप करण्याआधी एवढंच विचारा : हे मी बनवायचं, की मला कुणी आणून द्यायचं?