काचेच्या भोपळ्यांचे शेत

अमेरिकेत बोस्टनला लागून असलेल्या केंब्रिज शहरात, एमआयटी विद्यापीठाच्या क्रेस्गे ओव्हल या हिरवळीवर, दर शरद ऋतूत भोपळ्यांचे शेत फुलते. नारिंगी, निळे, हिरवे, ठिपक्यांचे, पट्ट्यांचे असे हजाराहून जास्त भोपळे गवतावर मांडलेले असतात. सगळे काचेचे, हातांनी घडवलेले. एकासारखा दुसरा सापडत नाही. एमआयटीच्या ग्लास लॅबने २००१ पासून चालवलेली ही विक्री ‘ग्रेट ग्लास पम्पकिन पॅच’ म्हणून ओळखली जाते. ऑक्टोबरअखेरीस हॅलोवीन येतो, घरोघरी दाराशी भोपळे ठेवले जातात; त्याआधीचा मुहूर्त विक्रीला साधलेला असतो.

भोपळे जन्म घेतात ते विद्यापीठाच्या एका तळघरात. ग्लास लॅब मटेरियल्स सायन्स विभागाचा भाग असली, तरी इथे शिकायला येणारे सगळ्या शाखांचे असतात. जागा थोड्या आणि इच्छुक फार, त्यामुळे नवशिक्यांची निवड चिठ्ठ्या टाकून होते.

भट्टीत साधारण ११०० अंश सेल्सियसला काच काकवीसारखी घट्ट वाहते. पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर ती गुंडाळून घेतात आणि रंगीत काचेच्या चुऱ्यात लोळवतात. खाचा असलेल्या साच्यात दाबली की भोपळ्याच्या फाकी उमटतात, मग फुंकून गोळा फुगवतात. या सगळ्या वेळात नळी फिरती ठेवावी लागते. हात थांबला की काच एका बाजूला लोंबते. शेवटी वितळलेल्या काचेचा थेंब डोक्यावर सोडून, तो ओढत, पीळ देत देठ काढतात. हे एकट्याचे काम नव्हे. एक घडवतो, दुसरा देठासाठी काच आणतो, आणि दोघांची वेळ जुळली नाही तर भोपळा वाया जातो.

तयार भोपळा लगेच उघड्यावर ठेवता येत नाही. बाहेरचा थर आधी थंड होऊन आकसतो, आतला गरमच राहतो, त्या ताणाने काच तडकते. म्हणून ५०० अंशांच्या आसपास तापलेल्या दुसऱ्या भट्टीत ठेवून ती तासन्‌तास हळूहळू निववतात. दोन रंगांच्या काचा निवताना कमी-जास्त आकसल्या, तरीही तडा जातो. वर्गात औष्णिक प्रसरणाचे गणित सोडवणाऱ्या विद्यार्थ्याला तेच गणित इथे हातात फुटलेले दिसते. इतक्या जवळून ते पुस्तकात भेटत नाही, आणि या प्रयोगशाळेचे मोल मला त्यातच वाटते.

काचेची भट्टी वारंवार विझवणे परवडत नाही. ती रात्रंदिवस तापलेली ठेवावी लागते. इंधन, कच्ची काच, शिक्षकांचे मानधन, सगळ्यालाच पैसा लागतो, आणि विक्रीचे उत्पन्न लॅबच्या कामालाच जाते. विद्यार्थ्यांनी शिकत शिकत फुंकलेले भोपळेच पुढच्यांचे शिक्षण चालवतात. भोपळा विकत घेणारा माणूस सुंदर वस्तू तर घरी नेतोच. पुढच्या चिठ्ठीत ज्याचे नाव निघेल, ज्याने कधी नळी हातात धरलेली नाही, त्याच्यासाठी भट्टीही पेटती ठेवतो.