एकशे सत्तावीस दात्यांचं चाक

पंचगंगेच्या काठावरच्या आमच्या पंपाचा शाफ्ट मोडला तो बरोबर आटे सुरू होतात तिथेच. इंपेलर ज्या नटाने आवळलेला असतो, तो नट मोडक्या तुकड्यासकट हातात आला. ऊस पाण्याला आला होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन्ही तुकडे घेऊन कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथल्या एका छोट्या शेडमध्ये एक लेथ आहे आणि तो चालवणारे मामा. त्या दिवशी जवळपास चार तास मी त्या लेथशेजारी उभा होतो.

मामांनी आट्यांमधलं अंतर मोजणाऱ्या पिच गेजची पाती एकेक करून मोडक्या आट्यांवर टेकवली. दीड मिलिमीटरचं पातं बसलं. मागून उजेड धरला, फट दिसली नाही. "वीस बाय दीड. अन् डावे आटे हायत, पावणं."

डावे का, ते त्यांनी नट हातात धरूनच समजावलं. नटाच्या बाजूने पाहिलं तर आमचा शाफ्ट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. पाण्याचा अडथळा इंपेलरला उलट्या दिशेने मागे ओढतो, आणि त्याच्याबरोबर नटालाही. आटे उजवे असते तर नट रोज थोडाथोडा सैल झाला असता. डाव्या आट्यांवर तीच ओढ नट आवळत राहते. सायकलच्या डाव्या पॅडलचे आटेही डावेच असतात.

ईएन-8 च्या सळईतून नवा शाफ्ट दोन सेंटरांमध्ये धरून तयार झाला. बेअरिंगच्या जागाही त्याच पकडीत झाल्या. आटे डायने पाडले तर काम लवकर होईल, असं मी म्हणालो. मामांनी मान हलवली. "डाय आपली वाट आपणच शोधत जाते. तिची वाट अन् शाफ्टची वाट एकच असंल, ह्याची हमी कोण देणार?" डाय केसभर तिरकी लागली तरी नटाचं तोंड तिरकं टेकतं, एकाच बाजूने दाबतं, आणि तो ताण शाफ्टवर येतो. आमचा जुना शाफ्ट आट्यांच्या मुळाशीच का मोडला असावा, याचा अंदाज मला तेव्हा आला. नव्या शाफ्टचे आटे ज्या दोन सेंटरांवर बेअरिंगच्या जागा झाल्या, त्याच सेंटरांवर पडणार होते.

मग मामांनी खिळ्याला टांगलेलं एक मोठं गिअर काढलं. त्यांचा लेथ इंची आहे, टूल सरकवणाऱ्या लीड स्क्रूवर इंचाला 4 आटे. आम्हाला हवे होते मिलिमीटरचे. इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, आणि त्याची पाचपट 127. ही संख्या कशानेच भागली जात नाही, म्हणून हिशेब तंतोतंत जुळायला 127 दात्यांचं चाकच लागतं. स्पिंडलकडून 30 दात्यांचं चाक, लीड स्क्रूवर 127 चं, मध्ये जोडचाक. स्पिंडलच्या एका फेऱ्यात टूल बरोबर दीड मिलिमीटर सरकतं. हेन्री मॉडस्लेने लंडनमध्ये 1800 च्या सुमारास लीड स्क्रू आणि बदलती चाकं एकत्र आणून आटे पाडणारा लेथ उभा केला. मामांच्या शेडमध्ये तीच जोडणी अजून रोजचं काम करते.

या जोडणीची एक अट आहे. इंची लीड स्क्रूवर मिलिमीटरचे आटे पाडताना, टूलला लीड स्क्रूशी जोडणारा हाफ नट मध्येच उघडायचा नाही. उघडला की टूल परत त्याच घळीत पडेल याचा भरवसा उरत नाही. म्हणून प्रत्येक कट झाला की आधी टूल बाहेर ओढायचं, मग मोटर उलटी फिरवून मागे यायचं. टूल बाहेर न घेता उलटं फिरवलं, तर लीड स्क्रूतली ढिलाई पाडलेले आटे खरवडून टाकते.

डावे आटे असल्यामुळे टूल शाफ्टच्या जाड भागापासून निघून टोकाकडे जाणार होतं. त्यासाठी मामांनी जाड भागालगत 5 मिलिमीटर रुंद खाच आधीच पाडून ठेवली होती. परत येताना टूल त्या खाचेत थांबायला हवं, पुढे गेलं तर जाड भागावर आदळणार. शेवटचे दोन-तीन फेरे मामा मोटर बंद करून हाताने फिरवत. डोळे खाचेवर, श्वास रोखलेला. मी बोलणं केव्हाच थांबवलं होतं.

पहिला कट म्हणजे नुसता ओरखडा. त्यावर पिच गेज टेकवून खात्री, मग पुढचं काम. टूल सरळ आत न घुसवता त्यांनी टूल धरणारी कंपाउंड स्लाइड साडेएकोणतीस अंशांत वळवली होती. सरळ घुसवलं तर टूलच्या दोन्ही कडा एकदम कापतात, कीस मध्ये कोंबला जातो आणि आटा फाटतो. तिरकं दिलं की मुख्य काम एकच कड करते. कीस एकाच बाजूने निळसर वेटोळं घेत सुटत होता. आट्याची एकूण खोली 0.92 मिलिमीटर, पण त्यासाठी दहा-बारा फेरे झाले. सुरुवातीचे कट जाडसर, नंतरचे पातळ होत गेलेले. शेवटी डायल न हलवता एक मोकळा फेरा. कटाच्या दाबाने शाफ्ट किंचित मागे झुकलेला असतो, तेवढं उरलेलं त्यात निघतं. मला तो मोकळा फेरा सगळ्यात आवडला. काहीच कापलं जात नाहीये असं वाटत असताना टूलखाली धुळीसारखा बारीक कीस जमत होता.

मामांनी आट्यांवरून ब्रश फिरवला, तेलाचं बोट लावलं आणि नट माझ्या हातात दिला. "लावा तुमच्या हातानंच."

मी सवयीने उजवीकडे फिरवला, तो लागेना. डावीकडे फिरवला आणि नट एका बोटाच्या जोरावर, न अडता, न डुगडुगता, खाचेपर्यंत जाऊन टेकला. मामांनी एकदा वाकून नटाच्या तोंडाखालून आरपार पाहिलं. मग 127 चं चाक चिंधीने पुसून परत खिळ्याला टांगलं.